कल्याणची मावसबहीण

बाई, तुम्हाला कधी कोणी मॅम म्हटलं नाही. मला आता सगळे मॅमच म्हणतात. मुली, त्यांच्या आया, गेटवरचे वॉचमनकाका, आणि आमच्या मुख्याध्यापिकाही, ज्या वयाने माझ्या भाचीएवढ्या आहेत. सुरुवातीला मी मागे वळून बघायचे, कोणाला हाक मारताहेत म्हणून. घोडबंदर रोडवर टॉवरांच्या मधोमध असलेल्या एका शाळेत मी खेळ शिकवते. तुम्ही डोंबिवलीहून शनिवारी गावी निघायचात तेव्हा ठाण्याला एसटी पकडून याच रस्त्याने जायचात, आणि सोमवारी आल्यावर सांगायचात की खिडकीतून नुसतं रान दिसतं, झोप लागते. आता झोप लागते ती ट्रॅफिकमुळे. आमचं मैदान म्हणजे पार्किंगच्या छतावर अंथरलेलं प्लास्टिकचं हिरवं गवत. खो-खोचे खांब रोवायला माती नाही, म्हणून ते सिमेंट ओतलेल्या टायरांत उभे केलेत. मुली वळताना खांबाला धरतात तेव्हा टायर थोडा सरकतो आणि मी रोज तो पायाने ढकलून जागेवर आणते. तुम्ही हे बघितलं असतं तर तोंडावर पदर धरून हसला असतात.

शाळेने मला मुलींची खो-खोची टीम बांधायला सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नुसते अकरा-बारा चांगले प्लेअर नकोत, टीम कल्चर हवं. त्यासाठी त्यांनी एक गृहस्थही बोलावले. त्यांनी मुलींना गोल उभं केलं, हातात लोकरीचा गुंडा दिला आणि एकमेकींकडे फेकायला लावला, म्हणजे म्हणे सगळ्या एका धाग्याने जोडल्या जातात. मग सगळ्यांना छापील टी-शर्ट मिळाले, फोटो निघाले, आणि ते गृहस्थ गेल्यावर तो गुंता मी सोडवत बसले. मुली तोवर आपापल्या गाड्यांतून घरी पोचल्या होत्या. एकाच सोसायटीतल्या पोरी, बाई, पण एका लिफ्टमधून खाली येताना एकमेकींशी बोलत नाहीत. मुख्याध्यापिकांना टीम शाळेसाठी हवी होती. मला ती माझ्यासाठी हवी होती, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही. आई गेल्यापासून घरी मी एकटीच आहे. लग्न मीही केलं नाही, तुमच्यासारखंच. शनिवारी दुपारी शाळा सुटली की सोमवारी सकाळपर्यंत भाजीवाल्याशिवाय कोणाशी बोलणं होत नाही, आणि तोही आता कोथिंबीर न मागता पिशवीत टाकतो, म्हणजे तेवढंही बोलायला नको.

आपलं मैदान मला जसंच्या तसं आठवतं. शाळेच्या मागे, लाल मातीचं. आम्हीच झाडायचो, आम्हीच पाणी मारायचो, आणि फक्कीच्या रेषा आखताना पांढरे हात एकमेकींच्या युनिफॉर्मला पुसायचो. तुम्ही पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसलेल्या. सुती साडीचा पदर खोचलेला, गळ्यात क्रुसाची साखळी आणि तिच्यावर शिट्टी. खो-खोत आठ जणी ओळीने आपापल्या चौकोनात बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. नववी पळते. ती मागून येऊन पाठीला हात लावून खो म्हणते, की बसलेली उठून पळते आणि आलेली तिच्या जागी बसते. म्हणजे जी आपल्याला उठवते ती आपल्याला दिसतच नाही. तुम्ही याचाच खेळ केला होता. आम्हाला डोळे मिटून बसवायचं, एकीने मागून यायचं, काही न बोलता पाठीला हात लावायचा, आणि बसलेलीने सांगायचं, कोण. एकीचा हात कायम ओला असायचा, एक जण बोटं लावायची पण तळवा नाही, एकीची बांगडी टोचायची. काही दिवसांनी आम्ही चुकेनाशा झालो. स्पर्धेच्या आधी हीच परीक्षा व्हायची आणि जिचा हात सगळ्यांना ओळखता आला ती कॅप्टन. दुसऱ्या शाळांत सगळ्यात तेज मुलगी कॅप्टन असायची. आमच्याकडे ती झाली पापडवाल्यांची मुलगी, जी पळायला लागली की आम्हालाच दम लागायचा. तिच्या हाताला हिंगाचा वास असायचा, आणि तो हात असा पडायचा की पाठीला कळायचं, ही आता आपल्या जागी बसणार, काळजी नाही.

माझा हात कोणीच ओळखला नव्हता. मी सगळ्यात जोरात पळायचे आणि कॅप्टन मीच होणार हे मी घरी सांगूनही ठेवलं होतं. संध्याकाळी रडत तुमच्या खोलीवर आले. पडद्यामागचा ओटा हेच तुमचं स्वयंपाकघर. तुम्ही सुके बोंबील भाजत होतात. शेजारच्या काकूंनी खिडकी आपटून लावली, ती तुम्हीही ऐकलीत आणि मीही, आणि तुम्ही शांतपणे आणखी दोन तव्यावर टाकलेत. माझ्यापुढे लसणाचा गड्डा ठेवलात आणि म्हणालात, "रडता रडता सोलता येतो."

मी म्हटलं, "सगळ्यात फास्ट मी आहे बाई."

"आहेस."

"मग?"

"हात टेकवलास न टेकवलास की तुझं लक्ष पुढे. त्या पोरीच्या पाठीला कळायला तर पाहिजे, कोण आलं होतं ते."

एवढंच. समजूत काढली नाहीत. निघताना तुमच्या गावची सुकेळी दिलीत, वाळवलेल्या केळ्याची, केळ्याच्या पानात बांधलेली, एकच, आणि म्हणालात की अर्धी उद्या कॅप्टनला द्यायची. रस्त्यात सगळी खाऊन टाकावी असं फार वाटलं. दिली मात्र. तिने त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं केलं आणि मला परत दिलं, आणि आम्ही दोघी टाकीमागे उभ्या राहून चिकट बोटं चाटत होतो. त्यानंतर माझा हात हळूहळू टेकायला लागला असावा, कारण पुढच्या वर्षी दोघी-तिघींनी तरी ओळखला.

आणि मग ती कल्याणची फायनल. आम्ही पहिल्यांदाच जिंकलो. मैदानातून धावत सुटलो त्या थेट बसमध्ये. बसला दोन दारं, निम्म्या पुढून चढल्या, निम्म्या मागून. पुढच्यांना वाटलं बाई मागे आहेत, मागच्यांना वाटलं पुढे. डोंबिवलीला उतरून भेळेच्या गाडीपाशी उभ्या राहिलो तेव्हा कळलं की बाई नाहीतच. हातात पुऱ्या तशाच राहिल्या. आता उद्या काही खरं नाही, असं सगळ्या म्हणाल्या, आणि तरी भेळ संपवलीच. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून उभ्या होतो तर तुम्ही विचारलंत, "काय खाल्लंत काल?" कॅप्टन चाचरत म्हणाली, भेळ. तुम्ही म्हणालात, "मला कळलं होतं तुम्ही पुढे गेलात ते. माझी मावसबहीण असते कल्याणला. म्हटलं आलेच आहे तर जाऊन यावं तिच्याकडे. बरंच झालं." आणि शिट्टी वाजवलीत. आम्ही सुटलो म्हणून इतक्या खूश होतो की त्या दिवशी चार फेऱ्या जास्त मारल्या.

गणपतीची सुट्टी संपल्यावर मी तुमचा तो हाताचा खेळ माझ्या मुलींना लावला. हसून हसून पुरेवाट झाली. एकीलाही कोणाचा हात ओळखता येईना. आमच्यातली सगळ्यात तेज मुलगी, जिचे वडील मला रोज विचारतात की कॅप्टनचं काय ठरलं, ती वैतागून म्हणाली, "मॅम, सिरियसली, नुसत्या हाताने कसं कळणार? घड्याळबिड्याळ लागलं तर कळेल ना." मी गंमत म्हणून पुढे झाले आणि ओळीतल्या पहिलीच्या पाठीला हात लावला. डोळे मिटूनच ती म्हणाली, "मॅम." दुसरीला लावला. "मॅम." सगळी ओळ संपली, एकही चुकली नाही. बाई, मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी वरणभात, भाजी, कोशिंबीर असा सगळा स्वयंपाक केला, एकटीसाठी. वरणाला फोडणी देताना हात थांबला. त्यांनी मला ओळखलं, कारण तिथे मीच होते. एखादी आली नाही तर तिच्या चौकोनात मी बसत होते. कोणाची वेणी सुटली तर मी बांधत होते, पाठ वाकली तर मी सरळ करत होते, भांडण झालं तर ते माझ्याकडे येत होतं आणि माझ्याकडेच मिटत होतं. प्रत्येकीला मी माहीत होते आणि शेजारची माहीत नव्हती. मी टीम बांधली नव्हती, स्वतःला सोबत जमवली होती.

तेव्हा मला तुमचा तो कठडा आठवला. तुम्ही कधी आमच्या ओळीत बसला नाहीत. आमच्या पाठीला हात लावला नाहीत, जिंकलो तेव्हासुद्धा. आम्ही म्हणायचो, बाई कडक आहेत. तुम्हाला कधी आमच्यात येऊन बसावंसं वाटत नसेल, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. दुसऱ्या दिवसापासून मीही लांब बसायला लागले. आमच्याकडे कठडा नाही, वॉटर कूलरजवळ एक पायरी आहे, तिथे. ती तेज मुलगी आलीच तक्रार घेऊन.

"मॅम, ही मला खो उशिरा देते."

"मग तिला सांग."

"तुम्ही सांगा ना."

"मी कुठे तिथे बसलेय?"

मला तिचा राग आला नाही. तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि मी कूलरच्या नळाखाली बाटली धरून बसले होते, ती भरून वाहायला लागली तरी.

पहिले काही दिवस वाईट गेले. एकजण आली नाही तर तिचा चौकोन रिकामा राहायचा आणि सगळ्या माझ्याकडे बघायच्या. मी हलले नाही. मग एका संध्याकाळी खेळ अर्धवट टाकून सगळ्याच्या सगळ्या निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने परत आल्या त्या न आलेल्या मुलीला घेऊन, तिच्या पायात घरातल्या चपला, केसांना तेल. सगळ्या मिळून लिफ्टने तिच्या घरी गेल्या होत्या आणि तिच्या आईसमोर उभ्या राहून तिला मागून घेतली होती. "काय यार, तुझ्यामुळे पूर्ण ओळ बोंबलते," असं कोणीतरी तिला म्हणालं आणि ती हसत जाऊन बसली. त्यानंतर हळूहळू त्यांचं त्यांचं काहीतरी सुरू झालं. त्यांनी एकमेकींना टोपणनावं दिली. त्यांचे विनोद मला कळेनासे झाले. एकदा मी जवळ गेले तर हसणं थांबलं, आणि मी टायर ढकलायला आले होते असं दाखवून परत फिरले. त्या दिवशी फार एकटं वाटलं, बाई. जे व्हावं म्हणून मी लांब बसले होते ते होत होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. स्पर्धेच्या आधी हाताची परीक्षा त्यांनीच घेतली. कोण कॅप्टन झालं ते मला येऊन सांगितलं. मी कोणाला मनात धरलं होतं ते विचारू नका, ती नव्हती. झाली ती घरातल्या चपला घालून आलेली मुलगी.

काल कल्याणला सामना होता. मातीचं मैदान. आमच्या पोरी आयुष्यात पहिल्यांदा मातीवर पळाल्या असाव्यात, गुडघे सोलून घेतले सगळ्यांनी. थोडक्यात हरल्या. शेवटी शेवटी त्या तेज मुलीने घाईत नुसती बोटं लावली, बसलेलीला कळलंच नाही, आणि पुढचा गडी निसटला. शिट्टी झाल्यावर ती मध्येच मातीत बसली आणि हमसून रडायला लागली. मी खुर्चीतून उठले, आणि परत बसले. तिच्याकडे आधी कॅप्टन गेली, मग दुसरी, मग सगळ्याच. कॅप्टनने तिच्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ उचलला नाही. मग कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि त्या रडणारीसकट सगळ्या हसल्या. मी लांब होते, मला ऐकू आलं नाही.

दोघींच्या आया मोठ्या गाड्या घेऊन आल्या होत्या. एरवी प्रत्येकीची गाडी वेगळी असते. काल मुलींनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून पावभाजी खायला जायचं, आणि बाकीच्या गाड्या परत पाठवून या दोन गाड्यांत दाटीवाटीने बसल्या. मी नंबरची जॅकेटं मोजून टेबलावर परत करत होते. बाहेर आले तर गेटपाशी नुसती धूळ होती. पुढच्या गाडीला वाटलं मॅम मागच्या गाडीत आहेत आणि मागच्यांना वाटलं पुढच्या. मी तिथेच उभी राहिले. माझ्या हातात फक्कीची पिशवी होती आणि कोणाचे तरी राहिलेले बूट. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. मग फोन वाजला, आणि मागून एवढा गोंगाट की कॅप्टनला ओरडावं लागत होतं.

"मॅम, तुम्ही कुठे आहात? आम्हाला वाटलं तुम्ही त्या गाडीत. थांबा, आम्ही येतो परत."

आणि मी म्हटलं, "अगं नको. माझी मावसबहीण असते इथे कल्याणला. तिच्याकडेच चाललेय. बरंच झालं."

"पक्का ना, मॅम?"

"पक्का. तुम्ही खा."

बाई, माझं कल्याणला कोणी नाही. मला मावसबहीणच नाही, आईला बहीण नव्हती. हे वाक्य मी ठरवून बोलले नाही, ते तुमच्या आवाजात आपोआप आलं. परत येताना शीळफाट्याला बस अडकली होती, पुढेही जाईना नि मागेही, आणि तिथे बसल्या बसल्या मला तुमच्या गावचं चर्च आठवलं. तुम्ही गेलात तेव्हा मी आले होते. तुमचे भाऊ, भावजया, भाचरं, मामाकडची माणसं, सगळ्यांची ओळख तुमच्या भावाने करून दिली होती. सगळी किनाऱ्यावरच्या गावांतलीच. कल्याणहून आलेलं कोणी नव्हतं. तेव्हा हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतकी वर्षं ती मावसबहीण माझ्यासाठी खरी होती. तिचं घर मी मनात बघितलं होतं, तिने तुम्हाला चहा दिला, जिंकल्याबद्दल साखर दिली. त्या संध्याकाळी तुम्ही गेटपाशी किती वेळ उभ्या होतात? घरी कशा गेलात? आमची शूजची पोती होती तुमच्याजवळ, जड होती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुमच्या डोंबिवलीच्या खोलीत आता दुसरं कोणी राहतं, आणि तुमच्या भावाला हे वाचून काय कळणार. शाळेच्या बॅगेत शिट्टीच्या कप्प्यात राहील. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं की टीम झाली. हरली, पण झाली. आणि फोन आला तेव्हा मी कुठेही चालले नव्हते. त्यांच्या गाड्या ज्या बाजूला वळल्या, त्याच बाजूला बघत उभी होते.

आज सकाळी मी विचारलं, काय खाल्लंत काल. पावभाजी, मॅम, आणि एक्स्ट्रा पाव, सगळ्या एकदम बोलल्या. मग ती तेज मुलगी बूट न्यायला माझ्या पायरीपाशी आली आणि तिने विचारलं, "मॅम, तुमची कझिन कशी आहे?"

बरी आहे, म्हटलं.